नसेच्या वाटेने चालणारा कॅन्सर

‘पाच वर्षं निघाली, सुटलो’ हा हिशेब बऱ्याच कॅन्सरांना लागू पडतो. लाळग्रंथीच्या अ‍ॅडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमाला मात्र नाही. पाच वर्षांनी यातले 75 ते 90 टक्के रुग्ण हयात असतात. 15 वर्षांनी आकडा 40 टक्क्यांच्या आसपास उतरतो.

याचं कारण त्याच्या चालीत आहे. नस म्हणजे इथे रक्तवाहिनी नव्हे, तर संवेदना आणि हालचालीचे निरोप नेणाऱ्या तंतूंची जुडी, वर आवरण. नस आणि तिच्या आधारपेशी वाढीला चालना देणारी प्रथिनं सोडतात. कॅन्सरपेशी त्यांच्या मागावर सरकतात, आवरणाच्या आतल्या सैल जागेत शिरतात आणि नसेला धरून पुढे जातात. गाठ टाळूवर असेल तर वरच्या जबड्याच्या मॅक्सिलरी नसेवरून, फोरामेन रोटंडम या भोकातून कवटीच्या आत. कानापुढच्या पॅरोटिड ग्रंथीत असेल तर चेहऱ्याच्या नसेवरून कानामागच्या हाडात. म्हणून गाठ लहान असली तरी गाल बधिर होणं, मुंग्या येणं, ओठ वाकडा होणं ही लक्षणं गंभीर समजावीत.

अशा वेळी गाठीवर लेप लावत महिने घालवू नका. ‘सुई टोचली की कॅन्सर पसरतो’ ही भीतीही सोडा. एफएनएसी म्हणजे सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासणं; तिची सुई अगदी बारीक असते आणि निदान तिच्यापासूनच सुरू होतं.

नस जाड झालीय का, भोक रुंदावलंय का, हे काँट्रास्ट (शिरेतून द्यायचं, चित्र ठळक करणारं औषध) देऊन केलेल्या एमआरआयमध्ये दिसतं. मग शस्त्रक्रिया. चेहऱ्याची नस काम करत असेल आणि गाठीपासून सुटी होत असेल तर वाचवतात. गाठीत गुरफटली असेल तर कापून पायातली सुरल नस तिथे जोडतात. पण काढलेल्या तुकड्याची कड मायक्रोस्कोपखाली स्वच्छ दिसली तरी पेशी नसेत पुढे गेलेल्या असू शकतात. त्यामुळे पाठोपाठ रेडिएशन: एकूण 60 ते 66 ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक), रोज 2 ग्रे, आठवड्यातून पाच दिवस. नसेत पेशी सापडल्या असतील तर कवटीच्या तळापर्यंतची तिची वाटही त्या आखणीत घेतात. केमोचा उपयोग कमी, कारण ती भराभर विभागणाऱ्या पेशींना गाठते आणि या पेशी संथ असतात.

त्याच संथपणामुळे फुप्फुसात उतरलेले ठिपके कधी कधी वर्षानुवर्षं फारसे वाढत नाहीत. त्रास नसेल तर डॉक्टर औषध न देता ठरावीक महिन्यांनी सीटी करून पाहतात. पहिल्या शस्त्रक्रियेचा रिपोर्ट आणि एमआरआय म्हणूनच जपून ठेवा. दहाव्या, पंधराव्या वर्षीही तुलना त्यांच्याशीच करायची असते.