वृक्षवलय परिषद: सारांश निवडला जातो, अर्जदार मुंबईतच राहतो

झाडाच्या खोडातल्या वलयांवरून जुने पावसाळे वाचणाऱ्या अभ्यासकांची जागतिक परिषद, वर्ल्डडेन्ड्रो, २०१८ साली थिंफूला भरली होती. भूतानला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट नसेल तर मतदार ओळखपत्रही चालतं. परिषद युरोपात असली की खरी परीक्षा सुरू होते. अशा परिषदांच्या अर्जासाठी माझ्याकडे येणाऱ्या मुलांचं घोडं संशोधनावर क्वचितच अडतं. ते अडतं कागदांच्या क्रमावर.

पात्रता सोपी आहे. विषय वलयांशी निगडित हवा, पीएचडी झालेलीच हवी असं नाही. आपल्या संशोधनाचा सारांश (ॲबस्ट्रॅक्ट) ऑनलाइन भरायचा. त्यात झाडाची जात, ठिकाण, नमुन्यांची संख्या आणि वलयांची आपसांत जुळणी कशी केली, हे यायलाच हवं. सागावर काम असेल तर खोटी वलयं कशी ओळखली, त्याचं एक वाक्य टाका. पावसाने मध्येच दडी मारली तर साग एका वर्षात दोन वलयांचा भास करून देतो, हे परीक्षकांना ठाऊक असतं.

मुदत नीट वाचा. ०५/०३ म्हणजे पाच मार्च की तीन मे, हे आयोजक कुठल्या देशातले आहेत त्यावर ठरतं. शंका असेल तर आधी येणारी तारीख धरा. ‘रात्री ११:५९, मध्य युरोपीय वेळ’ म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे पहाटेचे ४:२९, पण उन्हाळ्यात ३:२९. तरीही तोवर जागत बसू नका, आदल्या दिवशीच पाठवून मोकळे व्हा.

नावाचा घोळ तर दरवर्षीचा. सारांशावर ‘एस. आर. पाटील’, पासपोर्टवर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, आणि लग्न झालं असेल तर बोनाफाईडवर तिसरंच आडनाव. निमंत्रणपत्र सारांशावरच्या नावानेच येतं, म्हणून पहिल्या दिवसापासून पासपोर्टवरचं नाव लिहा.

निमंत्रणपत्र बहुतेक वेळा नोंदणी शुल्क भरल्यावरच मिळतं, आणि त्या पत्राशिवाय व्हिसाचा अर्ज लंगडा. म्हणजे जायला मिळेल की नाही हे कळायच्या आत पैसे भरायचे! म्हणून व्हिसा नाकारला तर शुल्क परत मिळतं का, ते आधी वाचा. कार्डावरचे परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून सुरू करून घ्या, मुळात ते बंद असतात. बँकेतून पैसे पाठवत असाल तर मधल्या बँकांचं शुल्कही आपणच भरू असं सांगा. नाहीतर तिकडे रक्कम थोडी कमी पोचते आणि नोंदणी ‘अपूर्ण’ दाखवत राहते.

आता तो कागद, जो कुणाकडेच नसतो: नमुने घेण्याची परवानगी. परदेशी जायला ना हरकत पत्र देताना तुमची संस्था तो मागू शकते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ओळखीच्या वनरक्षकाने ‘घ्या हो’ म्हटलं, याला परवानगी म्हणत नाहीत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली मुख्य वन्यजीव रक्षकांचं लेखी पत्र लागतं आणि ते कार्यालय नागपूरला आहे. रस्त्यावरच्या झाडाला नमुन्यासाठी बारीकसं भोक पाडायचं असलं तरी आधी महापालिकेच्या उद्यान खात्याला लेखी विचारा. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात झाडाला इजा करणंही झाड तोडण्यात मोडतं. मागच्या तारखेने हे कागद मिळत नाहीत. मिळवूही नका.

युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून १५ दिवस आधीपर्यंत करता येतो. या १५ दिवसांवर विसंबू नका. उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर अर्धी मुंबई युरोपला निघालेली असते आणि अपॉइंटमेंटच मिळत नाही. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीनंतर तीन महिने वैध आणि दोन पानं कोरी असलेला हवा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा. बँक स्टेटमेंटमध्ये आदल्या आठवड्यात काकांनी टाकलेले दोन लाख बघणाऱ्याला लगेच दिसतात. काका खर्च करणार असतील तर तसं त्यांच्या सहीचं पत्र आणि त्यांचं स्टेटमेंट जोडा.

लाकडाचे नमुने मात्र बॅगेत टाकू नका. संशोधनासाठी जैविक नमुने परदेशी द्यायचे तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडची प्रक्रिया वेगळी आहे, शिवाय तिकडच्या विमानतळावर वनस्पती तपासणी असतेच. पोस्टरपुरते स्कॅन केलेले फोटो न्या.