गिअर कधी बदलायचा, हे गाडी कसे ठरवते?

ऑटोमॅटिक गाडी नव्याने चालवू लागलेल्या माणसाला पहिल्या काही दिवसांत एक शंका हमखास येते. सकाळी गाडी सुरू करून निघाल्यावर वरचा गिअर पडायला नेहमीपेक्षा उशीर लागतो, इंजिनाचा आवाज विनाकारण चढलेला वाटतो आणि गिअरबॉक्समध्ये काही बिघाड तर नाही ना, असे मनात येते. दहा-पंधरा मिनिटांत तीच गाडी अगदी सुरळीत चालू लागते. हा बिघाड नसून योजना असते. थंड इंजिन थोड्या जास्त फेऱ्यांवर फिरले की ते स्वतः लवकर तापते आणि धुरातील घातक वायूंचे रूपांतर करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही लवकर कामाला लागतो, म्हणून त्या काळात वरचा गिअर उशिरा टाकण्याची सूचना गाडीच्या संगणकाला दिलेली असते. शिवाय गिअरबॉक्समधले तेलही अजून थंड आणि दाट असते. या तेलाकडे लक्ष ठेवले, तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे बहुतेक वागणे आणि त्याची जवळपास सगळी निगा समजून घेता येते.

मॅन्युअल गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडण्या-तोडण्याचे काम पायाने दाबायचा क्लच करतो. पारंपरिक ऑटोमॅटिकमध्ये त्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. एका बंद भांड्यात समोरासमोर ठेवलेली पात्यांची दोन चाके आणि त्यांच्यामध्ये तेल, अशी त्याची कल्पना करावी. इंजिनाला जोडलेले चाक फिरले की ते तेल समोरच्या चाकावर फेकते, आणि त्या प्रवाहाच्या जोराने समोरचे चाक फिरते. परतणाऱ्या तेलाला योग्य दिशा देणारे तिसरे, लहान चाक मध्ये बसवलेले असते आणि त्यामुळेच गाडी जागेवरून निघताना इंजिनाचे पीळबल (टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर) सुमारे दुप्पट होऊन पुढे जाते. ब्रेकवरचा पाय उचलताच गाडी आपोआप हळूहळू सरकू लागते, तेही या तेलामुळेच. इंजिन आणि चाके यांच्यात तेलाचा दुवा कायम असतो. हर्मन फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने या तत्त्वाचे पेटंट १९०५ साली घेतले, ते मोटारीसाठी नव्हे, तर जहाजाच्या वेगवान टर्बाइनची शक्ती संथ फिरणाऱ्या पंख्यापर्यंत पोहोचवण्यासाठी. मोटारींमध्ये पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मोठ्या प्रमाणावर आला तो १९३९ साली जनरल मोटर्सने जाहीर केलेल्या हायड्रामॅटिकच्या रूपाने. त्यात तेलाचा दुवा होता, पण पीळबल वाढवणारे तिसरे चाक नव्हते.

तेलाच्या या दुव्यात थोडी घसरण अटळ असते आणि घसरणीतून उष्णता निर्माण होते. म्हणून गाडीने स्थिर वेग धरला की कन्व्हर्टरमधला एक लहान क्लच दोन्ही बाजू थेट जोडून टाकतो. त्या वेळी इंजिनाचे फेरे थोडेसे उतरतात आणि आणखी एक गिअर पडल्याचा भास होतो. आपल्या गाडीला सहा गिअर असताना सातवा कुठून आला, असा प्रश्न पडणाऱ्यांसाठी त्याचे उत्तर हे आहे.

गिअरची रचनाही मॅन्युअलपेक्षा वेगळी असते. मध्यभागी एक दातेरी चाक, त्याभोवती फिरणारी तीन-चार लहान चाके आणि सर्वांना वेढणारे आतून दाते असलेले कडे, अशा सूर्यमालेसारख्या संचातील एक भाग रोखून धरला आणि दुसरा फिरवला की तिसऱ्याचा वेग ठरतो. कोणता भाग रोखायचा ते बदलले की गिअर बदलतो. रोखण्याचे आणि जोडण्याचे काम तेलात बुडालेल्या पातळ क्लच-चकत्या करतात आणि त्या चकत्यांना दाबणारे बळही तेलाच्याच दाबाचे असते. गिअर बदलताना एक क्लच सुटत असतो आणि त्याच क्षणी दुसरा धरत असतो. ही देवाणघेवाण सेकंदाच्या लहानशा अंशात जुळून आली तर आपल्याला काही कळत नाही. ती चुकली, तर झटका बसतो किंवा इंजिन क्षणभर मोकळे सुटल्यासारखे ओरडते.

कोणता गिअर हवा, हे मुख्यतः दोन गोष्टींवरून ठरते: गाडीचा वेग आणि अ‍ॅक्सिलरेटर किती दाबला आहे ते. पूर्वी हा हिशेब तेलाचा दाब आणि व्हॉल्व्ह यांच्याच जोरावर चालत असे, विजेचा त्यात संबंध नव्हता, आणि मला ती रचना आजही थक्क करते. आता तेच काम संगणक आणि विजेवर चालणारे व्हॉल्व्ह करतात. समजा, अ‍ॅक्सिलरेटर तितकाच दाबलेला असताना चौथा गिअर ५० च्या वेगाला पडत असेल, तर तिसऱ्यावर परत येणे मात्र ३५ च्या आसपास होते. हे अंतर जाणूनबुजून ठेवलेले असते, अन्यथा वेगात जरासा फरक पडला तरी गाडी दोन गिअरांमध्ये सतत वर-खाली करत राहिली असती. लांब चढावर, विशेषतः गाडी भरलेली असताना, हे अंतरही कधी अपुरे पडते आणि तशी घालमेल सुरू होते. अशा वेळी हाताने खालचा गिअर निवडून तो कायम ठेवावा, म्हणजे क्लचची झीज आणि तेलाचे तापणे दोन्ही टळते. लांब उतारावरही खालचाच गिअर ठेवावा, कारण इंजिन गाडीला मागे ओढून धरते आणि ब्रेक तापत नाहीत. इंधन वाचवण्यासाठी उतारावर न्यूट्रल करण्याची सवय मात्र सोडून द्यावी. गिअरमध्ये असताना पाय उचलला की आधुनिक इंजिन इंधनाचा पुरवठाच तोडते. न्यूट्रलमध्ये त्याला स्वतः चालू राहण्यासाठी इंधन लागते.

सगळ्या ऑटोमॅटिक गाड्या या एकाच तत्त्वावर चालत नाहीत. एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच आणि गिअर यंत्र हलवते. त्यामुळे गिअर बदलतानाचा हलका विराम तिच्या स्वभावातच आहे. दोन क्लचांच्या गिअरबॉक्समध्ये पुढचा गिअर आधीच तयार ठेवलेला असतो. या दोन्ही प्रकारांत चढावर ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरने गाडी धरून ठेवली, तर क्लच घासून जळतो. सीव्हीटीमध्ये (कंटिन्युअसली व्हेरिएबल ट्रान्समिशन) ठरावीक गिअर नसतातच. रुंदी बदलणाऱ्या दोन पुलींवरून पट्टा फिरतो, म्हणून इंजिनाचा आवाज आधी चढतो आणि वेग मागून येतो. नेदरलँड्सच्या डाफ कंपनीने अशी मोटार १९५८ साली दाखवली होती.

आता निगेकडे वळू. एकच तेल शक्ती वाहते, क्लच दाबते, दाते वंगवते आणि उष्णता वाहून नेते. उष्णता हाच त्याचा मोठा शत्रू आहे. ठोकळमानाने तापमान दहा अंशांनी वाढले की तेल बिघडण्याचा वेग दुप्पट होतो. अनेक गाड्यांच्या बाबतीत हे तेल आयुष्यभर बदलावे लागत नाही असे सांगितले जाते, पण गाडी दीर्घकाळ ठेवायची असेल तर त्यावर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. माहितीपुस्तिकेत वेगळे अंतर दिलेले नसेल, तर ६० हजार ते १ लाख किलोमीटरच्या दरम्यान, आणि सतत गर्दीत, चढावर किंवा ओझे ओढत चालणाऱ्या गाडीत त्याच्या अलीकडच्या टोकाला ते बदलणे शहाणपणाचे आहे. तेल मात्र पुस्तिकेत नमूद केलेल्या प्रतीचेच हवे. क्लच किती घसरायचा आणि कधी धरायचा हे तेलातील रसायनांवर ठरते, त्यामुळे सीव्हीटीचे तेल साध्या ऑटोमॅटिकमध्ये किंवा उलट चालत नाही. खालचे बूच उघडून तेल सोडले, तरी बराच भाग कन्व्हर्टरमध्ये राहतो, हेही ध्यानात असावे. तळाच्या चुंबकावर करडा, मऊ गाळ दिसणे स्वाभाविक आहे. धातूचे तुकडे दिसणे नाही. गुलाबी, दुधाळ तेल म्हणजे रेडिएटरमधून कूलंट आत शिरल्याची खूण असते आणि अशी गाडी पुढे चालवूच नये.

रोजच्या वापरात दोन सवयी पुरतात. पुढे-मागे करताना गाडी पूर्ण थांबल्यावरच डी आणि आर यांच्यात बदल करावा. उतारावर उभी करताना आधी ब्रेक धरून हँडब्रेक ओढावा आणि मगच पी (पार्किंग) टाकावा, नाहीतर सगळे वजन आतल्या एका लहान खुंटीवर येते. बंद पडलेली गाडी ओढून न्यायची असेल, तर इंजिनाकडून शक्ती मिळणारी चाके जमिनीवरून उचललेली असावीत. इंजिन बंद असताना तेलाचा पंपही बंद असतो आणि आतले भाग कोरडे फिरतात.

खऱ्या बिघाडाची लक्षणे वेगळी असतात. डी टाकल्यावर गाडी निघायला सेकंद-दोन सेकंद लागणे, इंजिनाचे फेरे वाढूनही वेग न वाढणे, स्थिर वेगात खडबडीत रस्त्यावरून गेल्यासारखी थरथर जाणवणे किंवा तेलाला जळका वास येणे, यांपैकी काही दिसले तर प्रथम तेलाची पातळी, त्या गाडीसाठी सांगितलेल्या तापमानाला आणि सपाट जागेवर, तपासून घ्यावी. मेकॅनिकला ‘गाडी झटके देते’ एवढेच न सांगता इंजिन थंड होते की गरम, कोणत्या गिअरमधून कोणत्या गिअरमध्ये जाताना, किती वेगाला आणि अ‍ॅक्सिलरेटर किती दाबलेला असताना ते घडले, हे लिहून नेले, तर न लागणारा खर्चिक भाग बदलण्याऐवजी नेमक्या त्या क्लचपर्यंत किंवा व्हॉल्व्हपर्यंत तो लवकर पोहोचतो.