जन्मठेप आणि मरेपर्यंतची जन्मठेप: घरातल्या अत्याचाराच्या खटल्यात फरक कुठे पडतो

'नराधम बापाला जन्मठेप' असा मथळा एका दिवशी येतो आणि 'सावत्र बापाला मरेपर्यंत जन्मठेप' असा दुसऱ्या दिवशी. वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात. 'मरेपर्यंत' हा शब्द वार्ताहराने जोर देण्यासाठी घातला असेल, असं समजून आपण पान उलटतो. पण कायद्यात या दोन वेगळ्या शिक्षा आहेत, आणि गुन्हेगार घरातलाच असतो तेव्हा त्यांच्यातला फरक पीडितेच्या पुढच्या सगळ्या आयुष्याला पुरतो. परका गुन्हेगार सुटल्यावर कुठेतरी निघून जाण्याची शक्यता तरी असते. बाप, काका किंवा मामा सुटला की त्याच दारात येतो. सातबाऱ्यावर त्याचं नाव असतं, नाही तर घरभाडं त्याच्या नावाने जात असतं. म्हणून अशा खटल्यात निकाल लागल्यावर मुलगी आणि तिची आई 'किती वर्षं?' असं विचारत नाहीत. 'तो परत येणार का?' असं विचारतात.

आधी साधी जन्मठेप पाहू. तिच्याभोवती 14 वर्षांचा एक समज इतका घट्ट बसला आहे की तो वकिलांच्या तोंडूनही ऐकू येतो. जन्मठेप म्हणजे 14 वर्षं, काही जण म्हणतात 20. दोन्ही चूक. सर्वोच्च न्यायालयाने हे 1961 सालीच स्पष्ट केलं, तेही महाराष्ट्रातून गेलेल्या प्रकरणात. गांधीहत्येच्या खटल्यात शिक्षा झालेले गोपाळ गोडसे यांचं म्हणणं होतं की मिळालेली माफी, म्हणजे शिक्षेतून वजा झालेले दिवस, धरता आपली 20 वर्षं भरली, आता सोडा. न्यायालयाने ते फेटाळलं. जन्मठेप म्हणजे कैद्याचं उरलेलं आयुष्य, आणि सरकारने माफीचा आदेश काढल्याशिवाय कोणीही आपोआप सुटत नाही, असा तो निकाल. 20 चा आकडा जुन्या दंडसंहितेत होता आणि तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे, पण तो शिक्षेचा काही अंश मोजायचा असेल त्या वेळच्या हिशेबापुरता.

मग 14 कुठून आले? फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 433अ मधून. आताच्या नागरिक सुरक्षा संहितेत ते 475 झालं आहे. ज्या गुन्ह्याला फाशीचीही तरतूद आहे त्यात जन्मठेप झाली असेल, किंवा फाशीची जन्मठेप झाली असेल, तर 14 वर्षं प्रत्यक्ष तुरुंगात काढल्याशिवाय सोडता येत नाही, असं ते कलम सांगतं. म्हणजे 14 वर्षांनी सुटका होते असं त्यात कुठेही नाही. 14 वर्षांच्या आत होत नाही, इतकंच आहे.

तेव्हा साधी जन्मठेप कागदावर आयुष्यभराची असते, पण तिला एक दार असतं आणि त्याची किल्ली राज्य सरकारकडे असते. महाराष्ट्रात गृहविभागाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार गुन्ह्याच्या प्रकाराप्रमाणे कैद्यांचे प्रवर्ग पडतात. तुरुंगातली वर्तणूक, मिळालेली माफी आणि शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचं मत पाहून प्रस्ताव पुढे सरकतो. हे दार किती सहज उघडू शकतं ते बिल्किस बानो प्रकरणाने देशाला दाखवलं. सामूहिक बलात्कार आणि हत्येच्या गुन्ह्यात जन्मठेप झालेल्या 11 जणांना गुजरात सरकारने 15 ऑगस्ट 2022 रोजी सोडलं. 8 जानेवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. खटला मुंबईत चालला असल्याने माफीचा विचार करण्याचा अधिकार महाराष्ट्राचा होता, गुजरातचा नव्हता, हे त्यामागचं एक मुख्य कारण. तो घरातल्या अत्याचाराचा खटला नव्हता. पण जन्मठेपेचा कैदी बाहेर कसा येतो हे समजून घ्यायला त्याहून स्पष्ट उदाहरण नाही.

दुसरी शिक्षा इतकी जुनी नाही. फेब्रुवारी 2013 च्या दुरुस्तीने बलात्काराच्या काही गंभीर प्रकारांत जन्मठेपेपुढे शब्द जोडले गेले: 'म्हणजेच त्या व्यक्तीच्या उर्वरित नैसर्गिक आयुष्यापर्यंतचा कारावास'. नातेवाईक, पालक, शिक्षक किंवा विश्वासाच्या वा अधिकाराच्या स्थानावरच्या माणसाने केलेला बलात्कार त्याच दुरुस्तीने गंभीर प्रकारांत आला. त्याआधी पोलीस, सरकारी नोकर, रुग्णालयातले कर्मचारी यांच्यासाठी वेगळी कडक शिक्षा होती, पण बापासाठी नव्हती. आता ही तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम 64(2) मध्ये आहे: किमान 10 वर्षं सश्रम कारावास, कमाल उर्वरित आयुष्यभर. 2013 पूर्वी 'पुरेशी आणि विशेष कारणं' नोंदवून न्यायाधीश किमान शिक्षेच्याही खाली जाऊ शकत. तो रस्ताही त्याच दुरुस्तीने बंद केला. घरातला एकटा कमावता आहे, म्हातारी आई आहे, ही विनवणी आजही प्रत्येक खटल्यात होते. तिचा उपयोग किमान आणि कमाल यांच्यामधल्या पट्ट्यातच होऊ शकतो. तडजोडीचंही तसंच. ती बलात्काराच्या शिक्षेत सवलतीचं कारण होऊ शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये बजावलं आहे.

पीडित अठरा वर्षांखालची किंवा खालचा असेल तर पोक्सो, म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचं संरक्षण करणारा कायदा, लागू होतो, आणि तिथे घरातला माणूस या कल्पनेची व्याप्ती बरीच मोठी आहे. रक्ताचं, दत्तक किंवा लग्नाने जुळलेलं नातं, पालकत्व, एकाच घरात राहणारा, इतकंच काय, आईबरोबर घरोबा करून राहणारा पुरुषही त्यात येतो. आमच्यात नातं नाही, मी फक्त तिच्या आईचा ओळखीचा, हा बचाव तिथे टिकत नाही. 16 ऑगस्ट 2019 पासून कलम 6 खाली अशा माणसाने केलेल्या, बलात्काराच्या स्वरूपाच्या लैंगिक आक्रमणाला किमान 20 वर्षं, पुढे उर्वरित आयुष्यभर कारावास, किंवा फाशी आहे. (प्रौढ पत्नीवर बळजबरी करणारा नवरा मात्र यातल्या कुठल्याच कलमात सापडत नाही. कुटुंबातल्या लैंगिक हिंसेवरच्या इतक्या कडक कायद्याने हे एक नातं बाहेर का ठेवलं, याचं पटणारं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.)

दोन्ही शिक्षांमधला खरा फरक म्हणजे माफीचं दार. साध्या जन्मठेपेत सरकारने माफीचा विचार करावा हे गृहीतच असतं. उर्वरित आयुष्याच्या शिक्षेत न्यायालयाने किंवा कायद्याने आधीच सांगितलेलं असतं की ही कैद वर्षांत मोजायची नाही. तरीही राष्ट्रपती आणि राज्यपालांचे घटनेच्या अनुच्छेद 72 आणि 161 खालचे माफीचे अधिकार कोणतंही न्यायालय काढून घेऊ शकत नाही. म्हणून 'तो कधीच बाहेर येणार नाही' असं कुणी पीडितेला छातीठोकपणे सांगू नये. रजेचा प्रश्न आणखी वेगळा. संचित रजा आणि अभिवचन रजा, म्हणजे आपण ज्याला फर्लो आणि पॅरोल म्हणतो, यांचे राज्यात 1959 चे नियम आहेत. कोणत्या गुन्ह्याच्या कैद्याला रजा मिळते ते त्यात ठरतं. रजा म्हणजे सुटका नव्हे, पण रजेच्या अर्जावर जो पत्ता लिहिला जातो तो कुणाच्या घराचा, हे अशा कुटुंबाला विचारावंच लागतं.

खुनाच्या खटल्याशी इथे आणखी एक गोंधळ होतो. 2015 च्या घटनापीठाच्या निकालानुसार खुनात जन्मठेप देताना माफीला वाव न ठेवणारी किंवा ठरावीक वर्षांची शिक्षा देण्याचा अधिकार फक्त उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाला आहे. सत्र न्यायाधीशाने खुनाला 'मरेपर्यंत' असं लिहिलं तर ते अपिलात टिकत नाही. बलात्काराच्या या कलमांत मात्र तसे शब्द कायद्यानेच दिले आहेत, त्यामुळे विशेष न्यायालय ती शिक्षा देऊ शकतं.

आता तारखेकडे या, कारण घरातल्या अत्याचारात सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. घटनेच्या अनुच्छेद 20(1) प्रमाणे गुन्ह्याच्या दिवशी जी शिक्षा होती त्याहून जास्त देता येत नाही. छत्तीसगडमधल्या एका प्रकरणात गुन्हा मे 2019 मधला होता आणि शिक्षा नव्या कलम 6 खाली उर्वरित आयुष्याची झाली. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवला, पण शिक्षा साध्या जन्मठेपेवर आणली, कारण दुरुस्ती तीन महिन्यांनी आली होती. परक्याने केलेला गुन्हा बहुधा एका दिवसाचा असतो. घरात तो वर्षानुवर्षं चालतो, आणि मुलगी 'दिवाळीनंतर', 'आजी वारली त्या वर्षी' अशा खुणांनी सांगते. फिर्यादीत आणि आरोपपत्रात शेवटची घटना कोणत्या महिन्यात झाली हे नीट आलं नाही, तर ऑगस्ट 2019 नंतरही चाललेला अत्याचार जुन्या, सौम्य कायद्याखाली मोजला जाण्याचा धोका असतो. मथळ्यात 'नराधम' लिहायला बातमीदार विसरत नाही. तारीख बातमीत क्वचितच असते.

एकाच कृत्याला पोक्सो आणि दंडसंहिता दोन्ही लागू पडले तर जी शिक्षा जास्त ती द्यायची, असं पोक्सोचं कलम 42 सांगतं. उत्तर प्रदेशातल्या एका बापाच्या अपिलात मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा आधार घेत दोष कायम ठेवला, पण उच्च न्यायालयाने जोडलेले 'उर्वरित आयुष्य' हे शब्द काढून विचारण न्यायालयाची, म्हणजे मूळ खटला चालवणाऱ्या न्यायालयाची, जन्मठेप परत आणली. विचारण न्यायालयाच्या आदेशात काय लिहिलं होतं, याला किती वजन आहे ते यावरून दिसतं.

म्हणून निकालाच्या दिवशी आदेशाची प्रमाणित प्रत घ्यावी आणि दोन गोष्टी पाहाव्यात: शिक्षा कोणत्या कलमाखाली आहे, आणि 'उर्वरित नैसर्गिक आयुष्य' हे शब्द आहेत की नाहीत. नसतील आणि असायला हवे होते असं वाटलं, तर घाई सरकारी वकिलाकडे करावी. पीडितेला निर्दोष सुटकेविरुद्ध, कमी गंभीर गुन्ह्यात दोषी धरल्याबद्दल किंवा अपुऱ्या भरपाईबद्दल अपील करता येतं. शिक्षा कमी पडली म्हणून तिला स्वतः अपील करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलं आहे. ते अपील राज्य सरकारच करू शकतं.