निसटलेला सॉसेज, हरणाशी कुस्ती आणि चाहत्यांचे व्हिडिओ : ‘निचिजो’ची पार्श्वभूमी

जपानी शाळेतील जेवणाची सुट्टी आहे. युको आइओइ नावाच्या मुलीच्या चॉपस्टिक्समधून ऑक्टोपसच्या आकारात कापलेला सॉसेजचा छोटा तुकडा निसटतो आणि जमिनीकडे जाऊ लागतो. एरवी डोळ्याचे पाते लवण्याआधी संपणारी ही घटना ‘निचिजो’ या जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेत एखाद्या युद्धपटातील निर्णायक प्रसंगासारखी लांबवली आहे. वेळ मंदावतो, युकोचे सगळे अंग त्या तुकड्याच्या दिशेने झेपावते, आणि चित्रकारांनी त्या झेपेवर इतकी मेहनत घेतली आहे की पाहणाऱ्याला हसू फुटण्याआधी क्षणभर खरोखरच धास्ती वाटते. या प्रसंगाच्या आधी काय घडले आणि पुढे काय घडणार, हे माहीत असण्याची काहीही गरज नाही. म्हणूनच हा तुकडा मालिकेतून उचलता येतो, त्याला दुसरे संगीत लावता येते, तो पुन्हा पुन्हा फिरवता येतो, आणि चाहत्यांनी गेली अनेक वर्षे नेमके तेच केले आहे. मालिका आणि तिच्यावरचे हे घरगुती व्हिडिओ यांचे नाते योगायोगाचे नाही. दोन्हींची मुळे एकाच मातीत आहेत आणि ती बरीच मागे जातात.

‘निचिजो’ या जपानी शब्दाचा अर्थच ‘रोजचे’ असा आहे. मोठे संकट, शत्रू, प्रवास किंवा स्पर्धा यांपैकी काहीही नसलेल्या, शाळा, घर, दुकान आणि रस्ता एवढ्यावरच चालणाऱ्या कथांच्या प्रकाराला जपानमध्ये ‘निचिजो-केई’, म्हणजे दैनंदिन जगण्याच्या कथा, असे म्हटले जाते. या प्रकाराचा सांगाडा वृत्तपत्रांतून आला. वरून खाली मांडलेल्या चार चौकटींत एक विनोद संपवायचा, ही जपानी वृत्तपत्रांतील ‘योनकोमा’ चित्रकथेची रीत. माचिको हासेगावा यांची ‘साझाए-सान’ ही चित्रकथा १९४६ मध्ये फुकुओका येथील एका स्थानिक दैनिकात सुरू झाली, पुढे ‘असाही शिंबुन’मध्ये गेली आणि १९७४ पर्यंत चालली. तिच्यावर आधारित दूरचित्रवाणी मालिका ऑक्टोबर १९६९ मध्ये सुरू झाली ती आजही रविवारी संध्याकाळी लागते, आणि सर्वाधिक काळ चाललेली अ‍ॅनिमेशन मालिका म्हणून तिची नोंद आहे. तिच्या प्रत्येक भागात तीन छोट्या, स्वतंत्र गोष्टी असतात. हिंदीतून आलेल्या ‘डोरेमॉन’ आणि ‘शिनचॅन’मुळे मराठी घरांतील मुलांनाही अर्ध्या तासात दोन-तीन सुट्या गोष्टी पाहण्याची सवय कधीच लागली आहे. मोठी माणसे ज्याला पोरकट खोड्या म्हणून सोडून देतात, त्यामागे चार चौकटींची ही जुनी शिस्त आहे.

शाळकरी मुलींच्या मैत्रीवर या शिस्तीचा प्रयोग करून आजच्या प्रकाराला वळण दिले ते कियोहिको अझुमा यांच्या ‘अझुमांगा दाइओह’ने. ही चार चौकटींची चित्रकथा १९९९ ते २००२ या काळात एका मासिकात आली. २००२ मधील तिची अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनची, आवृत्ती सोमवार ते शुक्रवार रोज सुमारे पाच मिनिटांच्या तुकड्यांत दाखवली गेली आणि आठवड्याचे पाच तुकडे जोडून एक पूर्ण भाग तयार झाला. असे १३० तुकडे आणि २६ भाग. याचा अर्थ, प्रेक्षकांच्या हाती कात्री येण्याच्या आधीच निर्मात्यांनी ही मालिका क्लिपांच्या रूपात कापून दिली होती. त्याच वर्षी होबुनशा या प्रकाशनाने ‘मांगा टाइम किरारा’ हे योनकोमाला वाहिलेले मासिक सुरू केले, आणि पुढील वीस वर्षांत त्याच्या भावंडांसह या मासिकाने अशा मालिकांचा जणू कारखानाच उभा केला.

केइची अरावी यांची ‘निचिजो’ ही चित्रकथा डिसेंबर २००६ पासून कादोकावा प्रकाशनाच्या ‘शोनेन एस’ मासिकात येऊ लागली. अरावी यांनी चार चौकटींचे बंधन सर्वत्र पाळले नाही, पण त्यांचा विनोद त्याच लयीचा आहे. उतावळी युको, हळव्या मनाची पण संतापली की कुणाला न आवरणारी मिओ, आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता खोड्या काढणारी माई या तीन मैत्रिणी एका बाजूला. दुसऱ्या बाजूला आठ वर्षांची एक ‘प्राध्यापक’, तिने बनवलेली नानो ही यंत्रकन्या, आणि गळ्यातील लाल रुमालामुळे बोलू शकणारे साकामोतो नावाचे मांजर. नानोच्या पाठीवर खेळण्यासारखी चावी देण्याची मोठी किल्ली आहे. ती काढून टाकावी, म्हणजे आपल्याला इतर मुलींसारखे वावरता येईल, एवढीच तिची साधी इच्छा आहे, आणि ती छोटी प्राध्यापक त्याला काही केल्या तयार होत नाही. हसवता हसवता ही मालिका मनाला स्पर्श करते ती मुख्यतः या किल्लीमुळे, असे मला मनापासून वाटते.

आता दुसऱ्या धाग्याकडे वळू. चाहत्यांच्या व्हिडिओंचा इतिहास यूट्यूबच्या बराच आधी सुरू होतो. १९८२ मध्ये अमेरिकेतील एका तरुणाने दोन व्हीसीआर एकमेकांना जोडले आणि ‘स्टार ब्लेझर्स’ या जपानी अंतराळकथेतील सर्वांत हिंसक दृश्यांवर बीटल्सचे प्रेमाची थोरवी गाणारे गाणे चढवले. इंग्रजीत ज्यांना ‘एएमव्ही’ म्हणतात, त्या अ‍ॅनिमेच्या संगीतफितींची सुरुवात येथून मानली जाते. जपानमध्ये अशा सरमिसळीला ‘मॅड’ हे नाव पडले आणि तिचा उगम ध्वनिफितींत होता. टेपरेकॉर्डरवर निवेदकांचे, गायकांचे आणि जाहिरातींचे आवाज कापून-जोडून हसवणाऱ्या कॅसेटी विद्यार्थी एकमेकांना देत असत. या सगळ्याला वातावरण पोषक होते. डिसेंबर १९७५ मध्ये सुमारे ७०० जणांच्या उपस्थितीत टोकियोत भरलेल्या ‘कॉमिकेट’ या चाहत्यांच्या चित्रकथा-मेळ्याच्या पहिल्या खेपेपासून जपानमधील चाहते दुसऱ्यांच्या पात्रांवर स्वतःच्या चित्रकथा काढून विकत आले आहेत. कायद्याच्या काटेकोर नजरेने त्यातील बरेचसे आक्षेपार्ह ठरू शकते, तरी प्रकाशकांनी सहसा काणाडोळा केला, कारण उद्याचे चित्रकार याच गर्दीतून येतात हे त्यांनी अनुभवले होते.

२००६ च्या अखेरीस निकोनिको ही व्हिडिओसेवा सुरू झाली आणि मॅडला हक्काचे अंगण मिळाले. येथे प्रेक्षकांचे शेरे व्हिडिओच्या खाली न राहता चित्रावरूनच उजवीकडून डावीकडे धावतात, त्यामुळे एकट्याने पाहतानाही भरलेल्या थिएटरात बसल्यासारखे वाटते. योगायोग असा की त्याच वर्षी क्योतो अ‍ॅनिमेशन या संस्थेची हारुही सुझुमिया या शाळकरी मुलीवरील मालिका गाजली होती आणि तिच्या शेवटच्या गाण्यावरील नाच चाहते रस्त्यांवर, वर्गांत आणि सभागृहांत करून त्याचे चित्रीकरण चढवत होते. २००७ मध्ये त्याच संस्थेची, पुन्हा चार चौकटींच्या चित्रकथेवरून केलेली ‘लकी स्टार’ आली आणि तिच्या शीर्षकगीताच्या नकलांचा पूर आला. या दोन्ही कथांचे प्रकाशन कादोकावाकडेच होते. कादोकावाने चाहत्यांविरुद्ध वकील उभे करण्याऐवजी २००८ मध्ये यूट्यूबशी सहकार्य करून निवडक मॅडना रीतसर मान्यता देण्याचा आणि त्यांवर जाहिराती लावण्याचा मार्ग स्वीकारला. त्या काळात मनोरंजन व्यवसायातील बहुतेक मोठ्या कंपन्यांची ठरलेली प्रतिक्रिया व्हिडिओ काढून टाकण्याची होती. हे लक्षात घेतले तर या निर्णयाचे मोल कळते, आणि मला तो या सगळ्या इतिहासातील सर्वांत समंजस निर्णय वाटतो. पुढे २०१४ मध्ये कादोकावा आणि निकोनिको चालवणारी द्वांगो या दोन कंपन्या एकाच छत्राखाली आल्या.

‘निचिजो’ची अ‍ॅनिमे आवृत्ती क्योतो अ‍ॅनिमेशननेच केली आणि हारुहीचे दिग्दर्शक तात्सुया इशिहारा यांच्याकडेच ती सोपवली गेली. हे दोन धागे एकत्र कसे विणले गेले, हे पाहायचे असेल तर मालिकेचे शीर्षकगीत ऐकावे. ते गाणारा ह्यादाइन हा मुळात निकोनिकोवरचा कलाकार होता. व्हिडिओ गेममधील संगीतावर स्वतःचे शब्द रचून तो गात असे, आणि स्त्रीचा आवाज हवा असेल तेथे स्वतःचाच आवाज यंत्राने चढवून एकटाच द्वंद्वगीत पूर्ण करत असे. हा निनावी वाटणारा गृहस्थ प्रत्यक्षात केनइची माएयामादा हा व्यावसायिक गीतकार-संगीतकार असल्याचे पुढे उघड झाले. ‘निचिजो’चे पहिले शीर्षकगीत याच तंत्राने, पुरुष आणि स्त्री अशा दोन्ही आवाजांत त्याने एकट्याने गायले आहे. चाहत्यांच्या व्हिडिओंत घडलेली शैली अशा रीतीने मालिकेच्या दारावरच्या पाटीवर विराजमान झाली. त्याच्या या धांदलीच्या गाण्याशेजारी युजी नोमी यांचे गंभीर वाद्यवृंदाचे पार्श्वसंगीत ठेवले आहे. सॉसेज पडताना जो भव्यपणा जाणवतो, त्याचे अर्धे श्रेय नोमी यांचे आहे.

३ एप्रिल २०११ रोजी मालिका सुरू झाली. जपानमध्ये महाभूकंप आणि त्सुनामी येऊन तेव्हा जेमतेम तीन आठवडे झाले होते. सप्टेंबरअखेर २६ भाग पूर्ण झाले. समीक्षकांनी आणि चित्रकारांनी तिची वाखाणणी केली, मात्र ज्या डिस्कच्या विक्रीवर त्या काळी अ‍ॅनिमेचे यशापयश मोजले जाई, ती निराशाजनक झाली. जानेवारी २०१२ पासून एनएचकेच्या शैक्षणिक वाहिनीने तिची १२ भागांची पुनर्संपादित आवृत्ती दाखवली, म्हणजे क्लिपांची नवी जुळणी करण्याचे काम येथे खुद्द सार्वजनिक वाहिनीवर झाले. अमेरिकेत तिचे हक्क बांदाई एंटरटेनमेंटने घेतले होते, परंतु २०१२ च्या सुरुवातीला त्या कंपनीने नवीन प्रकाशनेच बंद केली. इंग्रजी उपशीर्षकांसह डिस्क निघायला २०१७ उजाडले आणि इंग्रजी डबिंग त्यानंतरही दोन वर्षांनी आले.

मधल्या पाच-सहा वर्षांत ही मालिका जगभर जिवंत राहिली ती चाहत्यांच्या हातांवर. शाळेचे मुख्याध्यापक सूटबूट घालून आवारात शिरलेल्या हरणाशी झुंजतात आणि शेवटी त्याला कमरेत धरून, पाठीमागे कमान टाकत जर्मन सुप्लेक्स या डावाने आपटतात. युको खिडकीतून हे एकटीच पाहते आणि तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. या प्रसंगावर व्यावसायिक कुस्तीच्या समालोचनाचा आवाज चढवलेली क्लिप एकदा पाहावी. समालोचकाचा कंठ दाटून येणे आणि हरणाचे खूर हवेत वर जाणे यांचा ताल जुळवताना त्या अनामिक संपादकाने एकेक चौकट पुढे-मागे करून पाहिली असणार, हे दिसते. मूळ चित्रकारांनी मुख्याध्यापकांच्या वजनाचा तोल, पायांची पकड आणि कोटाच्या चुण्या खऱ्या कुस्तीसारख्या काढल्या नसत्या, तर हा आवाज त्यावर कधीच बसला नसता. ‘स्लामत पागी’ हे युकोचे इंडोनेशियन भाषेतील ‘सुप्रभात’, किंवा कॉफीच्या दुकानात पेल्यांच्या आकारांची नावे न कळल्याने गोंधळून तिने मागवलेली आणि हाती आलेली एवढीशी एस्प्रेसो, हे तुकडेही असेच मालिकेचे नावदेखील माहीत नसलेल्या लोकांपर्यंत पोहोचले. कित्येक जण आधी क्लिप पाहून हसले, मग हे कुठले आहे म्हणून शोधत मालिकेपर्यंत आले. चोरी म्हणून ज्याकडे बोट दाखवले जाते, त्याने येथे प्रेक्षक आणून दिले.

२०१८ मधील ‘पॉप टीम एपिक’ने मॅडची विस्कळीत शैली थेट मालिकेचे स्वरूप म्हणूनच घेतली, आणि २०२४ मध्ये हरणाच्या शिंगांच्या मुलीवरील ‘शिकानोको’चे शीर्षकगीत मालिका प्रक्षेपित होण्याआधीच अखंड फिरणाऱ्या छोट्या व्हिडिओंतून पसरले. मात्र या दोन्हींच्या मधले एक वर्ष वेगळे आहे. १८ जुलै २०१९ रोजी क्योतो अ‍ॅनिमेशनच्या स्टुडिओला एका माणसाने आग लावली आणि ३६ जणांचा मृत्यू झाला. ‘निचिजो’च्या पात्रांना पडद्यावरचे रूप देणारे फुतोशी निशिया त्यांत होते. नानोची किल्ली, मिओच्या केसांतील ठोकळे, माईचा निर्विकार चेहरा या रेषा ज्यांच्या हातून पडद्यावर आल्या, त्यांना निरोप देताना जगभरातील चाहत्यांना जी भाषा येत होती ती म्हणजे व्हिडिओंची. हसवण्यासाठी वापरले गेलेले तेच प्रसंग त्या दिवसांत शांत संगीतावर जोडून श्रद्धांजली म्हणून पाहिले गेले.

अरावी यांनी २०१५ मध्ये थांबवलेली ‘निचिजो’ २०२१ मध्ये पुन्हा सुरू केली. मधल्या काळातील त्यांच्या ‘सिटी’ या चित्रकथेवर क्योतो अ‍ॅनिमेशनने जुलै २०२५ मध्ये मालिका आणली आणि तिचे दिग्दर्शन ‘निचिजो’चे तेव्हाचे सहदिग्दर्शक ताइची इशिदाते यांनी केले. तिच्या पाचव्या भागात पडदा अनेक चौकटींत विभागला जातो आणि प्रत्येक चौकटीत वेगळ्या माणसांची गोष्ट एकाच वेळी चालू राहते. एका बैठकीत सगळे पाहणे डोळ्यांना शक्य नाही. थांबवावे लागते, मागे जावे लागते, एकेक चौकट निवडून पुन्हा पाहावी लागते.