मेंदूतील धमन्यांच्या व्यासातील व्यक्तीगणिक फरक

मेंदूला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांचा आतील व्यास निरोगी माणसांतही सारखा नसतो. वय, लिंग, शरीराची ठेवण आणि जन्मजात रचना यांनुसार तो बदलतो आणि प्रतिमाचित्रणाने तो मोजता येतो. प्रौढ माणसात मानेतून कवटीत शिरणारी अंतर्गत कॅरोटिड धमनी साधारणपणे ४ ते ५ मिलिमीटर, मेंदूच्या मागील भागाला रक्त नेणारी बॅसिलर धमनी ३ ते ३.५, मेंदूच्या बाजूच्या भागाला रक्त नेणारी मिडल सेरेब्रल धमनी २.५ ते ३, तर पुढील व मागील सेरेब्रल धमन्या सुमारे २ मिलिमीटर रुंद असतात. स्त्रियांत हे आकडे सरासरीने किंचित कमी भरतात. उतारवयात धमन्या रुंद व नागमोडी होत जातात. बॅसिलर धमनी ४.५ मिलिमीटरच्या पुढे गेली, तर ती फुगलेली मानली जाते.

हे फरक दिसायला लहान असले, तरी परिणामाने लहान नसतात. दाब व लांबी तीच राहिली, तर नळीतून वाहणारा द्रव त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे ४ मिलिमीटरच्या जागी ३ मिलिमीटरची धमनी असेल, तर या हिशेबाने प्रवाह एक तृतीयांशाहूनही कमी होईल. तरीही मेंदू उपाशी राहत नाही, कारण त्याच्या तळाशी धमन्यांना एकमेकींशी जोडणारे एक वलय असते आणि एकीकडची उणीव त्यातून दुसरीकडून भरून निघू शकते. इंग्रज वैद्य थॉमस विलिस यांनी १६६४ मध्ये त्याचे वर्णन केले. पाठ्यपुस्तकातील आकृतीसारखे पूर्ण वलय मात्र अनेकांत आढळत नाही. कुणाची मागील सेरेब्रल धमनी गर्भावस्थेतल्याप्रमाणे मुख्यतः कॅरोटिडकडूनच भरते, तर कुणाची एका बाजूची पुढील धमनी बारीक असून दोन्ही बाजूंचा भार दुसरी उचलते. मणक्यांतून वर जाणाऱ्या दोन व्हर्टिब्रल धमन्यांपैकी बहुधा डावी मोठी असते. उजवी २ मिलिमीटरहून बारीक असली, तरी तेवढ्यावरून तो आजार ठरत नाही.

खरा कस लागतो तो जन्मजात बारीक धमनी आणि रोगाने अरुंद झालेली धमनी यांतील फरक ओळखताना. जन्मजात बारीक व्हर्टिब्रल धमनीसाठी मानेच्या मणक्यातील भोकही बहुधा लहानच असते, आणि ते सीटी स्कॅनमध्ये स्पष्ट दिसते. मेदाचा थर साचून अरुंद झालेल्या धमनीसाठीचे मणक्यातील भोक मात्र नेहमीच्या आकाराचे असते.

मोजमापही साधनावर अवलंबून असते. रंगद्रव्याविना केलेल्या एमआर अँजिओग्राफीत, म्हणजे एमआरआय यंत्राने काढलेल्या धमन्यांच्या चित्रात, वाहते रक्तच उजळ दिसते, त्यामुळे प्रवाह मंद किंवा भोवऱ्यासारखा असेल तेथे धमनी आहे त्याहून बारीक भासते. सीटीत भिंतीवरील कॅल्शियम फुगून दिसते आणि तोच परिणाम होतो. प्रतिमेचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असेल, तर २ मिलिमीटरच्या धमनीत एका ठिपक्याची चूक म्हणजे २५ टक्क्यांची चूक. १९२७ मध्ये पोर्तुगालच्या एगाश मोनिश यांनी सुरू केलेली थेट धमनीत रंगद्रव्य सोडण्याची पद्धत आजही सर्वांत काटेकोर मानली जाते, पण ती शरीरात नळी घालून करायची तपासणी असल्याने गरज असेल तेव्हाच करतात.

सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारे समाज पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहतात, आणि १९६३ मध्ये स्थापन झालेल्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, म्हणजे लोकांच्या तोंडचे ‘सिव्हिल’, आसपासच्या तालुक्यांतील रुग्णांचाही आधार आहे. अशा शहरात दुसऱ्या देशातील माणसांवरून काढलेली सरासरी मोजपट्टी म्हणून जशीच्या तशी वापरणे योग्य नाही. रुग्णाच्याच दुसऱ्या बाजूच्या धमनीशी तुलना करणे अधिक भरवशाचे ठरते. ‘मेंदूची नस बारीक आहे’ एवढेच ऐकून नातेवाईक धास्तावतात. म्हणून ती जन्मापासून बारीक आहे की आता अरुंद झाली आहे, हे अहवालात स्वतंत्रपणे लिहिलेले असणे आवश्यक आहे.