अजिंठ्यातील बिनफ्लॅश छायाचित्रण

अजिंठ्याच्या चित्रित लेण्यांमध्ये फ्लॅश न वापरता, आहे त्या मंद उजेडात छायाचित्रे घेण्याची पद्धत. वाघूर नदीच्या नालाकृती वळणावरील सुमारे तीस लेण्यांपैकी १, २, १६ आणि १७ या क्रमांकांच्या लेण्यांत भित्तिचित्रे सर्वाधिक टिकली आहेत. फ्लॅशबंदीचा जाच जाणवतो तोही तिथेच. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने जुलै २०१८ मध्ये संरक्षित स्मारकांतील छायाचित्रणाची बंधने सैल केली. त्यातून ताजमहालातील मुख्य समाधी, लेह राजवाडा आणि अजिंठा यांना वगळले. प्रत्यक्ष अंमलबजावणी काळानुसार बदलत आली आहे, तेव्हा दाराशी लावलेली पाटी हाच त्या दिवसाचा नियम समजावा.

ही चित्रे ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत. बेसाल्टच्या खडबडीत भिंतीवर माती, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर पांढरा पातळ थर आणि तो सुकल्यावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग, अशी त्यांची रचना आहे. गेरू, पिवळी माती, काजळी हे रंग उजेडाला सहजासहजी दाद देत नाहीत. त्यामुळे एका फ्लॅशने पद्मपाणी, म्हणजे पहिल्या लेण्यातला कमळधारी बोधिसत्त्व, फिका पडेल असे मानणे भाबडेपणाचे आहे. भिंतींचे खरे शत्रू म्हणजे पावसाळी ओल, किडे, वटवाघळे आणि गर्दीच्या श्वासातली वाफ. जुन्या दुरुस्त्यांनीही कमी नुकसान केलेले नाही: १९२० च्या दशकारंभी निजामाच्या राजवटीत इटालियन तज्ज्ञांनी चित्रांवर लावलेले शेलॅकचे (लाखेचे) वार्निश पुढे पिवळे पडले.

तरीही बंदी योग्यच आहे, आणि तिचे एक कारण क्वचितच सांगितले जाते. बाहेरच्या रणरणत्या उन्हातून पहिल्या लेण्यात शिरल्यावर आधी फक्त काळोख दिसतो. काही मिनिटांनी खांब, मग मागच्या भिंतीवरचा झुकलेला मुकुट, मग हातातले कमळ उमटू लागते. अंधाराला पुरते सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटे लागतात. कुणाच्या तरी मोबाइलचा फ्लॅश ‘ऑटो’वर राहिलेला असतो, तो एकदा लखलखला की सगळ्या दालनाची ही कमाई क्षणात जाते. शिवाय समोरून आलेला झोत उरल्यासुरल्या वार्निशवर चकाकतो आणि छायाचित्रात पद्मपाणीच्या जागी पांढरा डाग येतो.

उजेडाची ही अडचण कॅमेऱ्याच्या बाल्यावस्थेपासूनची आहे. १८४४ पासून इथल्या चित्रांच्या नकला करणाऱ्या रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने पुढे लेण्यांची छायाचित्रेही घेतली. पण त्या काळच्या काचपट्ट्यांना तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे, आणि अजिंठा तर गेरूने माखलेला. रंगांसाठी कुंचलाच हवा होता. गिलच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत गेल्या. मुंबईच्या जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांना घेऊन जॉन ग्रिफिथ्सने केलेल्या नकलांपैकीही अनेक १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. रखवालदार आरशाने किंवा पत्र्याने बाहेरचे ऊन आत वळवून प्रवाशांना चित्रे दाखवीत. हा उजेड मऊ असे. १९९० च्या दशकात बिनय बहल यांनी मंद उजेडातच दीर्घ उद्भासन देऊन (शटर बराच वेळ उघडे ठेवून) घेतलेल्या छायाचित्रांतून चित्रांचे रंग जगापुढे आले.

ट्रायपॉडला विशेष परवानगी लागत असल्याने सामान्य प्रवाशाला हातातच कॅमेरा धरावा लागतो. भिंतीवर पाच लक्स (उजेडाचे एकक) इतकाच उजेड असेल तर भिंगाचे छिद्र एफ १.८ इतके मोठे आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, ३२०० ठेवूनही शटर सेकंदाच्या विसाव्या भागाइतके मंद येते. अशा वेळी कोपरे छातीशी घट्ट धरावीत, श्वास अर्धा सोडून बटण दाबावे आणि एकाऐवजी पाच-सहा छायाचित्रे घ्यावीत. एखादे तरी स्थिर येते. चित्र सपाट असल्याने छिद्र पूर्ण उघडे ठेवूनही चालते, मात्र कॅमेरा भिंतीशी समांतर हवा. टेकायचा मोह होतो, पण खांबही रंगवलेले आहेत. फोकससाठी आपोआप लागणारा छोटा दिवा आधीच बंद करावा. पहारेकऱ्याला तो फ्लॅशच वाटतो. रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपात छायाचित्र घेतल्यास दिव्यांची पिवळी झाक घरी काढता येते, पण ती पूर्ण काढू नये, नाहीतर गेरू करडा दिसू लागतो.