नाटक १८४३ चे, नाट्यगृह मागाहून

दरवर्षी ५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनी, सांगलीत विष्णुदास भावे गौरवपदक दिले जाते. पहिले मानकरी बालगंधर्व. भावे नाट्यमंदिर त्या दिवशी गजबजते आणि सांगलीकर नाट्यपंढरी हे बिरुद हौसेने मिरवून घेतात. गंमत अशी, की ज्या प्रयोगाच्या पुण्याईवर हे बिरुद मिळाले, त्याला नाट्यगृह लागलेच नव्हते.

१८४२ च्या सुमारास कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे, म्हणजे पुराणकथा गाण्या-नाचातून सादर करणाऱ्यांचे, खेळ सांगलीत झाले. असे काही मराठीत व्हावे, असे संस्थानिक चिंतामणराव ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन यांच्या मनाने घेतले आणि काम पदरच्या विष्णुदास भावे यांच्याकडे आले. १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ झाले ते राजाश्रयाच्या छायेत. मांडणी अगदी सुटसुटीत होती. मागे एक पडदा, बाजूला झांज-मृदंग घेतलेले साथीदार. सूत्रधाराचे मंगलाचरण झाले की झाडपाला अंगावर लेवून वनचराच्या वेषातला विदूषक नाचत येई, मग गणपती, मग मोरावरची सरस्वती. पदे सूत्रधाराने म्हणायची आणि त्या अनुरोधाने पात्रांनी आयत्या वेळी बोलायचे. राक्षस तर आरडाओरडा करतच शिरत. वाड्याचा चौक असो की देवळापुढचे अंगण, असे नाटक कुठेही उभे राही.

१८५१ मध्ये अप्पासाहेब वारले आणि आश्रय संपला. भावे मंडळी घेऊन दौऱ्यावर निघाले. १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात त्यांनी तिकीट लावून खेळ केले. म्हणजे सांगलीत जन्मलेल्या नाटकाला बांधीव रंगमंच भेटला तो मुंबईत!

पुढे या परिसराने नाटककार मात्र भरभरून दिले. ‘शारदा’कार गोविंद बल्लाळ देवल शेजारच्या हरिपूरचे, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर तर सांगलीचेच. मग बोलपट आला. मास्टर दीनानाथांच्या बलवंत मंडळी या नाटक कंपनीने सांगलीत मुक्काम ठोकून चित्रपट काढायला घेतले, १९३४ मध्ये ‘कृष्णार्जुन युद्ध’ काढले आणि त्या धंद्यात मंडळी कर्जात बुडाली. गावोगावच्या थिएटरांतही तेव्हा नाटकाच्या पडद्याजागी सिनेमाचा पांढरा पडदा लागू लागला होता.

अशा पडत्या काळात, १९४३ मध्ये, रंगभूमीची शताब्दी सांगलीत साजरी झाली. नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष होते वि. दा. सावरकर. आज भावे नाट्यमंदिर आणि गौरवपदक हे दोन्ही व्याप अखिल महाराष्ट्र नाट्यविद्यामंदिर समिती सांभाळते. राजाने सुरू केलेली गोष्ट गावाने स्वतःच्या अंगावर घेतली, हे मला त्या प्रयोगाइतकेच मोलाचे वाटते.

आता प्रश्न हे नाट्यमंदिर जपण्याचा. जतन म्हटले की आपल्याला रंगरंगोटी आणि नावाचा फलक आठवतो. नाट्यगृहाची दुखणी वेगळीच असतात: रंगमंचाच्या फळ्या, पडद्यांच्या दोऱ्या आणि कप्प्या, जुनी वायरिंग, मेकअप रूममधली ओल. त्यात गाव कृष्णाकाठचे. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले होते, त्यामुळे सांगलीत कोणतीही जुनी वास्तू राखायची तर पुराचा हिशेब आधी करावा लागतो. आगीचाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. शाहू महाराजांच्या काळातले, १९१५ पासूनचे ते वैभव काही तासांत कोळसा झाले. लाकूड, कापड आणि वीज एकाच छपराखाली असलेल्या प्रत्येक नाट्यगृहाला हा धोका आहे.

या सगळ्याला पैसा लागतो आणि तो यायचा एक तर भाड्यातून, नाहीतर देणग्यांतून. व्यावसायिक नाटकाचा दौरा पुण्या-मुंबईहून इथवर आणायचा तर नेपथ्याचा टेम्पो, बस, मुक्काम असा खर्च चढत जातो, मग तिकीट महागते आणि प्रेक्षक घरी बसतो. म्हणून हौशी संस्था, राज्य नाट्य स्पर्धा, शाळांची स्नेहसंमेलने यांना कमी भाड्यात तारखा देणे ही मेहेरबानी समजू नये. बंद राहिलेल्या सभागृहाला वाळवी आधी लागते.